चार म्हणजे चाळीस

तक्रार दोनच ओळींची होती. कर्नाटकातल्या कुठल्याशा दूध शीतकरण केंद्राच्या माणसानं पाठवलेली. "नवी आवृत्ती आल्यापासून पडद्यावरचा आकडा चुकतोय. हातातलं मीटर बारा दाखवतं, तुमचा प्रोग्राम एक दाखवतो."

अनुपमा जेवता जेवता लॅपटॉप उघडून बसली होती. तिनं त्या ओळी पुन्हा वाचल्या आणि ताट बाजूला सरकवलं.

प्रोग्रामचं नाव होतं 'नासिका'. शीतगृहांत, बर्फाच्या कारखान्यांत थंडाव्यासाठी अमोनिया वायू वापरतात. तो गळला तर आधी डोळे चुरचुरतात, मग श्वास कोंडतो, आणि फारच गळला तर माणूस राहत नाही. हवेत हा वायू किती आहे ते सेन्सरकडून वाचायचं, पडद्यावर दाखवायचं आणि आकडा पंचवीसच्या वर गेला की हूटर वाजवायचा, एवढंच नासिकाचं काम. तो लिहिला होता अकोल्याच्या उद्धव पांढरीपांडे यांनी. इंजिनियरिंग कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. लिहिला आणि कुणीही वापरा म्हणून फुकट देऊन टाकला.

अनुपमाचं काम त्याच्या पुढचं. ती अमरावतीत घरून पुण्याच्या एका कंपनीची नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात, हौसेनं, एका लिनक्स डिस्ट्रोसाठी पॅकेजं बांधायची. लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली लोकांपर्यंत पोचते ती अशा निरनिराळ्या डिस्ट्रोंमधून, आणि प्रत्येक डिस्ट्रोचे नियम वेगळे. कुणी लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा, आपल्या डिस्ट्रोच्या नियमांत बसवायचा, त्याचं पॅकेज बांधून सगळ्यांना पोचवायचं. जिथे बसत नाही तिथे थोडीशी काटछाट करायची. ती काटछाट मूळ प्रोग्रामात मिसळत नाहीत, वेगळ्या फायलीत ठेवतात. त्याला म्हणायचं पॅच, म्हणजे ठिगळ. लेखकानं नवी आवृत्ती काढली की जुनी ठिगळं तिच्यावर पुन्हा लावायची.

नासिकावर तिचं एक मोठं ठिगळ होतं. सेन्सरशी बोलणाऱ्या कोडची एक जुनी प्रत उद्धवरावांनी आपल्या प्रोग्रामच्या पोटातच ठेवली होती. डिस्ट्रोला ते चालत नसे. सगळ्यांनी एकच सामायिक प्रत वापरायची, म्हणजे तिच्यात भोक सापडलं तर एकाच जागी बुजवता येतं. म्हणून अनुपमाच्या पॅचनं जुनी प्रत काढून प्रोग्राम सामायिक प्रतीला जोडला होता. ही सामायिक प्रत नवी होती आणि आकडा दहापट करून द्यायची, म्हणून पॅचनं त्याला शेवटी दहानं भागलं होतं. इतकी वर्षं ते बिनचूक चाललं.

उद्धवरावांना मात्र ते कधीच पटलं नाही. "माझ्या प्रोग्रामचं काळीज काढून दुसऱ्याचं बसवता आणि वर माझंच नाव लावता," असं त्यांनी लिहिलं होतं. अनुपमानंही तितक्याच ताठ्यात उत्तर दिलं होतं. पत्रं वाढत गेली, शब्द धारदार होत गेले. शेवटी त्यांनी नासिकाच्या पानावर ठळक अक्षरांत टाकलं: डिस्ट्रोवाल्यांनी फाडून शिवलेली आवृत्ती वापरणाऱ्यांनी माझ्याकडे येऊ नये. त्यानंतर त्यांनी तिच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही.

आता तिनं त्यांच्या नव्या आवृत्तीचं कोड उघडलं. ते आधीच नीट वाचायला हवं होतं. उद्धवरावांनी आपल्या पोटातली जुनी प्रत बदलून नवी घातली होती. नवी प्रत दहापट आकडा देते हे त्यांनाही कळलं होतं, म्हणून त्यांनीही दहानं भागलं होतं. भागाकार मात्र दुसऱ्याच फायलीत होता. काय काय बदललं त्याच्या यादीत त्याचा उल्लेख नव्हता.

तिचा पॅच ज्या ओळींना हात लावायचा त्या ओळी जशाच्या तशा होत्या. त्यामुळे पॅच बिनतक्रार लागला. पॅच लागतो की नाही एवढंच यंत्र सांगतं, तो आता लागायला हवा का हे सांगत नाही. पॅकेज बांधलं गेलं. चाचणी पास झाली, कारण सेन्सरकडून आकडा येतो की नाही इतकंच ती चाचणी बघायची.

म्हणजे दोनदा भागाकार. पंचवीसला वाजणारा हूटर आता हवेत अडीचशे झाल्याशिवाय वाजणार नव्हता.

तिनं डिस्ट्रोच्या लोकांना तातडीचा निरोप टाकला की हे पॅकेज ताबडतोब मागे घ्या. पण ज्यांच्या यंत्रांवर ते उतरलं होतं, त्यांच्याकडे ते उतरलेलंच राहणार होतं. असं कोण कोण असेल? तिला एकच नाव आठवलं. अकोल्याचा सोहम, कारखान्यांत असली छोटी यंत्रं बसवून देणारा मुलगा. मागे त्यानं आनंदानं कळवलं होतं, मॅडम, इथल्या एका मिरचीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तुमचं पॅकेज लावलं.

सोहमनं फोन उचलला. मागे कुठेतरी पंप घरघरत होता.

"मॅडम, मी अचलपूरले आहे, एका शेतात. बोला ना."

"सोहम, ते कोल्ड स्टोरेजचं यंत्र आपोआप अपडेट होतं का?"

"हो, मीच तसं लावून देल्लं. रोज पहाटे. काहून?"

"तुला तिथून, बाहेरून, त्याचा आकडा बघता येतो?"

"नाही मॅडम. ते इंटरनेटवर उघडं ठेवलंच नाही. झालं काय?"

तिनं सांगितलं. सोहम म्हणाला, "तिथं चंद्रभानभाऊ असतील. कंप्रेसर तेच सांभाळतात. नंबर अन् पत्ता धाडतो. मी निघतोच, पण मले पोचाले वेळ लागंल."

नंबर आला. अनुपमानं लावला. पलीकडे यंत्रांचा एवढा आवाज होता की दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं.

"चंद्रभानभाऊ का? मी अनुपमा, अमरावतीहून. तुमच्याकडे गॅसचा आकडा दाखवणारा जो स्क्रीन आहे, त्याच्या प्रोग्रामचं काम मी बघते. आत्ता त्याच्यावर किती दिसतंय?"

"चार."

"रोज किती असतं?"

"तीन, चार, कवा पाच. मशीनरूम हाये मॅडम, इतकं तं राहतेच."

अनुपमानं श्वास सोडला. चार. रोजच्यासारखंच. म्हणजे त्या यंत्रावर नवी आवृत्ती पोचलीच नसावी. आभार मानून फोन ठेवायचा म्हणून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात चंद्रभान आपणहून म्हणाला, "सकायी आलो तं शून्य होतं. म्हटलं बिघडलं का काय. मंग एक झालं. आता जेवून आलो तं चार. आलं ठिकान्यावर."



सकाळी शून्य. रोजच्या चाराला दहानं भागलं की पडद्यावर शून्यच दिसणार. नवी आवृत्ती पोचली होती. आणि त्या आवृत्तीवर आता चार दिसत होतं.

"भाऊ, ऐका माझं. तो चार खरा नाही. चार म्हणजे चाळीस. तुमच्याकडे गॅस गळतोय. हूटर वाजवा आणि सगळ्यांना बाहेर काढा."



"चाळीस असते तं हूटर आपोआपच नसता वाजला?" चंद्रभान म्हणाला.

"हूटरला पण तोच चुकीचा आकडा जातोय. तुम्हाला वास येतोय का?"

"वास तं रोजचाच. आमचं नाक कवाचंच गेलं, बाई."

"डोळे चुरचुरतात का कुणाचे?"

"बायांचे चुरचुरून राहिले सकायपासून. पन मिरच्या निवडून राहिल्या न त्या. मिरचीनं डोये चुरचुरनारच."

"मिरचीनं नाही हो! बाहेर काढा त्यांना."

"हे पाहा मॅडम," चंद्रभानचा आवाज जरा चढला. "मांगच्या महिन्यात हूटर वाजला. सारे काम सोडून पयाले. काईच नोतं. शेठ मले साऱ्याइच्या समोर नाई नाई ते बोलला. आता तुमी कोन, कुठच्या, मले मालूम नाई. सोहमभाऊले सांगा मले फोन कराले. तो म्हनंल तं वाजवतो."

फोन बंद झाला.

तिनं सोहमला लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. पुन्हा चंद्रभानला लावला. घंटी वाजत राहिली, त्यानं उचलला नाही. तिचा आवाज ऐकून नवरा, श्याम, आतल्या खोलीतून आला होता.  तिनं सोहमनं पाठवलेला पत्ता त्याच्यासमोर धरला. "अकोल्याच्या फायर ब्रिगेडला लाव. अमोनिया गळतोय म्हणून सांग. मी दुसऱ्या कुणाला तरी पकडते."

दुसरं कुणी म्हणजे एकच माणूस होता. नासिकाचा पहिला सेन्सर उद्धवरावांनी स्वतः त्या शीतगृहात भिंतीवर ठोकला होता, प्रोग्राम लिहिला तोच तिथल्या आकड्यांवरून. हे त्यांच्याच पानावर लिहिलेलं होतं, खाली त्यांचा नंबरही होता. चंद्रभान त्यांना ओळखत असणार.

तिनं फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. तेच.

मग तिनं मेसेज लिहायला घेतला.  "सर, नासिकात दोनदा भागाकार होतोय. एक तुमचा, एक माझ्या पॅचचा. मिरचीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये चार दिसतंय. सकाळी शून्य होतं. फोन घ्या." पाठवला. पलीकडून काही हालचाल नाही. तिनं खाली आणखी एक ओळ लिहिली: "तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं." ते पूर्ण खरं नव्हतं. एरवी तिनं असं मरतानासुद्धा लिहिलं नसतं. आत्ता तिनं ते लिहिलं आणि पाठवून टाकलं.

फोन लगेच वाजला. हॅलो नाही, काही नाही.

"दोनदा कुठे?"

"तुम्ही सेन्सर वाचता तिथे भागलंय. मी आकडा दाखवण्याच्या आधी भागते."

"तू अजून..." ते थांबले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "म्हणजे चाळीस."

"वाढतंय, सर. आत बायका मिरच्या निवडतायत. चंद्रभान माझं ऐकत नाहीत, त्यांनी फोन ठेवला."

"ठेवू नकोस. मी त्याला आपल्यात जोडतो."

घंटी वाजली. या वेळी चंद्रभाननं चटकन उचलला.

"नमस्कार सर."

"चंद्रभान, स्क्रीनवर किती हाये?"

"सात झालं सर आत्ता. मी पाहूनच राहिलो होतो."

"हे पाय, त्या बाईनं सांगतलं ते खरं हाये. सात नाई, सत्तर हाये. हूटर दाब. शेठचं मी पाहून घेतो. बाहेरचा मेन स्विच पाड. बायांले मावयतीकडच्या फाटकानं काढ, वारा तिकडूनच येऊन राहिला. दुसऱ्या फाटकाकडे कोनीच गेलं नाई पायजे. समजलं?"

"हो सर."

"पय मंग."

आणि मग तो आवाज आला. फोनमधूनसुद्धा अनुपमाला कान दूर करावा लागला. हूटर कर्कश वाजत होता. चंद्रभाननं फोन चालूच ठेवून खिशात टाकला असावा, कारण सगळं खडखडत, आपटत ऐकू येत होतं. "चाला वं! साऱ्या बाहेर! पोते राहू द्या तिथंच!" चपलांचा आवाज, बायकांचा गलका, कुणाचा तरी खोकला. "ललिता, सोड म्हटलं ते! इकडून नाई, तिकडून!" यंत्रांची घरघर एकदम थांबली. मोकळ्या हवेत आल्यासारखा आवाज पातळ झाला. मग एका बाईचा, अगदी जवळून: "रुख्मिनीबाई कुठी हाये? अवं, रुख्मिनीबाई आतच राहिली!"

"थांब ललिता! ललिता!"

काहीतरी फोनवर आपटलं आणि चंद्रभानची लाइन तुटली.

"मी निघालो," उद्धवराव म्हणाले, आणि तेही गेले.

अनुपमा हातात मुका फोन घेऊन उभी राहिली. श्यामनं दारातून सांगितलं की फायर ब्रिगेडची गाडी निघाली म्हणतात. तिनं मान हलवली. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. नव्वद-शंभर किलोमीटरवर दोन बायका आत होत्या, आणि तिच्याजवळ होता फक्त एक लॅपटॉप.

अकोला आणि कर्नाटकातलं ते केंद्र सोडलं तर तिला एकही जागा माहीत नव्हती, म्हणजे माहीत नसलेल्या किती असतील. ती खाली बसली. आपल्या पॅचमधली भागाकाराची ओळ तिनं काढून टाकली. नवं पॅकेज बांधायला लावलं आणि या वेळी हातानं आकडे घालून तपासलं. चाळीस घातले, चाळीस दिसले. मग सगळ्या वापरणाऱ्यांसाठी सूचना लिहिली: नासिकाच्या कालच्या आवृत्तीत पडद्यावर दिसणारा आकडा खऱ्याचा दहावा हिस्सा आहे. त्यावर विसंबू नका, हूटरवरही नाही. हातातलं मीटर वापरा. चूक पॅकेज बांधताना झाली आहे. खाली स्वतःचं नाव घातलं आणि सूचना पाठवली. लिहिताना दर दोन ओळींनी तिची नजर फोनकडे जात होती. फोन गप्प होता. कर्नाटकातल्या माणसाचं उत्तर आलं: आम्ही नासिका बंद केलंय, माणूस मीटर घेऊन उभा केलाय. ते वाचून तिला हुंदका आला, आणि श्याम बाजूला येऊन बसला.

फोन आला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरत होतं. उद्धवरावांचा आवाज बसला होता, मधूनमधून खोकत होते.

रुख्मिणीबाईंना कमी ऐकू येतं, हे ललितालाच ठाऊक होतं. त्या तिच्या मोठ्या जाऊबाई. निवडलेल्या मिरच्यांच्या पोत्यांच्या थप्पीमागे, भिंतीकडे तोंड करून त्या बसल्या होत्या. हूटर त्यांनी ऐकला असेल नसेल, पण उठून जाण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही. ललितानं पदर नळाखाली भिजवून तोंडाला गुंडाळला आणि आत धावली. ती आत असतानाच मशीनरूममधल्या एका व्हॉल्व्हचं पॅकिंग पुरतं गेलं आणि पांढरा लोट दाराच्या वरून निवडण्याच्या शेडमध्ये घुसला. चंद्रभाननं बाहेरच्या पेटीतला मास्क चढवला आणि तो मागोमाग गेला. ललिता रुख्मिणीबाईंना काखेत धरून ओढत आणत होती, दोघींचेही डोळे मिटलेले, आणि दार कुठल्या बाजूला आहे हे दोघींनाही दिसत नव्हतं. चंद्रभाननं ललिताच्या लुगड्याला धरून त्यांना बाहेर आणलं. नंतर तो पुन्हा आत गेला आणि त्यानं व्हॉल्व्ह बंद केला. तोवर फायर ब्रिगेडनं पाण्याचा फवारा सुरू केला होता.

"मी पोचलो तेव्हा रुख्मिणीबाई डोळे उघडेचनात," उद्धवराव म्हणाले. "पाइपचं पाणी सोडून मी पापण्या धरून ठेवल्या. ओरडत होत्या बिचाऱ्या. पण पाणी थांबवून चालत नाही."  "जिवाला धोका नाही म्हणतात. डोळ्यांचं डॉक्टर उद्या सांगतील."

दुसऱ्या दिवशी सकाळीच अनुपमा बसनं अकोल्याला गेली. बडनेरा, मूर्तिजापूर मागे पडत गेलं तसं तिच्या मनात वाक्यं तयार होत होती आणि मोडत होती. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उद्धवराव उभे होते. इतकी वर्षं तिनं फक्त त्यांची अक्षरं पाहिली होती. प्रत्यक्षात ते ठेंगणे होते, डोळे लालभडक झालेले, शर्टवर चुकीचं बटण लागलेलं. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि वर गेले.

रुख्मिणीबाईंच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. शेजारच्या खाटेवर ललिता बसली होती. तिचा आवाज पार गेला होता, ती कुजबुजल्यासारखी बोलत होती. चंद्रभान भिंतीला टेकून उभा होता. त्याचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता.

"ही अनुपमा," उद्धवरावांनी सांगितलं. "काल हिनंच फोन केला."

"म्हंजे हिनं वाचवलं म्हना," ललिता कुजबुजली.

चंद्रभाननं अनुपमाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "मी फोन ठेवून देल्ला होता," तो म्हणाला.

"तुमचं काही चुकलं नाही, भाऊ. मी तुमच्या जागी असते तर मीही ठेवला असता." अनुपमा ललिताच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसली. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना. मग तिनं जसं झालं तसं सांगून टाकलं. यांनी एका जागी दहानं भागलं, मी दुसऱ्या जागी दहानं भागलं. यांनी मला सांगितलं नाही, मी यांचं वाचलं नाही. म्हणून तुम्हाला चार दिसलं.

ललितानं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे दोघाईनं एकच काम केलं. अन् एकमेकाले सांगतलं नाई."

"हो."

"काहून?"

अनुपमानं उद्धवरावांकडे पाहिलं. उद्धवराव खिडकीकडे बघत होते. शेवटी तेच म्हणाले, "आमचं भांडण होतं."

"भांडन तुमचं," ललिता म्हणाली, "अन् डोये आमच्या बाईचे." घसा गेलेला, म्हणून तिला ओरडता येत नव्हतं.

"काय म्हन्ते वं ते?" पट्टीखालून रुख्मिणीबाईंनी मोठ्यानं विचारलं. "कोन आलं?"

ललितानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते कुणाला ऐकू आलं नाही. रुख्मिणीबाईंनी हवेत हात पुढे केला. अनुपमानं तो धरला. हात मिरच्यांनी अजून लालसर होता. त्यांनी तिची बोटं चाचपली आणि सोडून दिली. 

पट्टी पुढे निघाली. डावा डोळा वाचला. उजव्यानं रुख्मिणीबाईंना माणूस दिसतो, चेहरा ओळखू येत नाही. सुधारेल असं डॉक्टर म्हणतात, किती ते सांगत नाहीत. मिरच्या निवडायला त्या पुन्हा गेल्या नाहीत. ललिता गेली. शेठनं व्हॉल्व्ह तर बदललेच, पण सोहमनं हट्ट धरून आणखी एक हूटर बसवून घेतला, सेन्सरला थेट तारेनं जोडलेला. मध्ये संगणक नाही, नासिका नाही, कुणाचं ठिगळ नाही. तो बसवायला उद्धवराव स्वतः शिडीवर चढले होते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी हॉस्पिटलमधून निघताना उद्धवराव म्हणाले, "घरी चल. जेवून जा." ते विचारत नव्हते, सांगत होते.

घरात ते एकटेच होते. टेबलावर दोन मॉनिटर, सेन्सरांचे उघडे डबे, वायरी. त्यांनी पिठल्याचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि पाठमोरे राहूनच बोलले.

"मी ती ओळ लिहिली होती. बदलांच्या यादीत. आकडा आता दहानं भागला जातो म्हणून. मग खोडली."

अनुपमानं कांदा चिरायला घेतला.

"म्हटलं, डिस्ट्रोवाली बाई वाचते कुठे. तिला तिचं ठिगळ लावायचंच असतं. कळू दे तिला तिच्या तिचं." त्यांनी पातेल्यात चमचा फिरवला. "बायांचा विचारच मनात आला नाही. मनात तूच होतीस."

"मी वाचते," अनुपमा म्हणाली. "दरवेळी वाचायची. या वेळी पॅच बिनतक्रार लागला, म्हणून पुढे बघितलंच नाही. तुमच्या यादीवरून नुसती नजर फिरवली. तुमचं पान उघडलं की मला राग यायचा, म्हणून लवकर मिटवायची."

पिठलं, भाकरी, कांदा. दोघांनी जेवण संपवलं. मग तिनं लॅपटॉप काढला आणि टेबलावरच्या वायरी बाजूला सारून जागा केली. नासिकावर तिची पाच ठिगळं होती. तिनं पहिलं उघडलं.

पहिलं त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे चांगलंय. हे मीच घेतो माझ्यात. मग तुला लावावं लागणार नाही." दुसरं म्हणजे ते सामायिक प्रतीचं. त्याच्यावर बराच वेळ गेला. शेवटी ठरलं की पोटातली प्रत जायची, भागाकार एकाच जागी राहायचा, तो त्यांच्या बाजूला. आणि चाचणीत पंचवीस घालून पंचवीसच निघाले नाहीत तर पॅकेज बांधलंच जाणार नाही.

तिसऱ्यावर गाडी अडली. डिस्ट्रोच्या नियमाप्रमाणे गॅसच्या आकड्यांच्या नोंदींची फाईल वेगळ्या जागी ठेवायचा तो पॅच होता.

"हे मला मान्य नाही," उद्धवराव म्हणाले. "वीज गेली की तिथल्या नोंदी पुसल्या जातात. गळती झाली की पहिली वीजच पाडतात. मग बघायचं काय?"

"आमच्याकडे सगळे प्रोग्राम तिथेच लिहितात, सर. एकट्या नासिकासाठी नियम बदलत नाही."

"मग नियम चुकीचा आहे."

"असेल. पण आहे."

"हे बघ, तू परत तेच..." त्यांचा आवाज चढला, तिचाही चढणार होता. दोघंही थांबले. उद्धवरावांनी लाल डोळे चोळले आणि खुर्ची तिच्या शेजारी ओढली.

"ठेव तुझा पॅच," ते म्हणाले. "पण त्याच्या डोक्यावर लिही. लेखकाला हा मान्य नाही, आणि का नाही तेही लिही. पुढच्या आवृत्तीच्या वेळी हे वाचल्याशिवाय कुणी लावू नये."

अनुपमा लिहायला लागली. ते शेजारून वाचत होते. दुसऱ्या ओळीवर त्यांनी तिचा हात थांबवला.

"'कदाचित पुसल्या जातील' नाही. 'पुसल्या जातात' लिही."

तिनं बदललं, आणि चौथं ठिगळ उघडलं.